सामाजिक दायित्व, उद्योगसंस्थांचे (नाशिक)

उद्योगसंस्थेने नफा कमावताना आणि कमावल्यानंतर कामगार, ग्राहक, पुरवठादार, शेजारची वस्ती व निसर्ग यांच्याबाबत पाळावयाची जबाबदारी. व्यवहारात ‘सीएसआर’ (कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी) हीच संज्ञा रूढ आहे. शाळेला संगणक, गावाला पाण्याची टाकी, रुग्णालयाला रुग्णवाहिका ही तिची सर्वांच्या ओळखीची रूपे असल्याने त्यांचे वर्णन येथे केलेले नाही. दानापलीकडच्या भागाचा विचार या नोंदीत मुख्यतः नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

उगमाविषयीची मते : आधुनिक संकल्पनेचा आरंभ बहुतेक अभ्यासक अमेरिकन अर्थतज्ज्ञ हॉवर्ड बोवेन यांच्या १९५३ मधील ग्रंथापासून धरतात. त्याआधी १९३१-३२ मध्ये ॲडॉल्फ बर्ल आणि मेरिक डॉड या दोन विधिज्ञांत कंपनीचे संचालक फक्त भागधारकांना बांधील असतात की समाजालाही, यावर वाद झाला होता. आणखी मागे गेल्यास १८८३ मधील एक इंग्लिश निवाडा सापडतो. कंपनीच्या हिताशी संबंध नसलेला दानधर्म संचालकांनी कंपनीच्या पैशातून करू नये, असे त्यात म्हटले आहे. तो देणाऱ्या न्यायाधीशांचे आडनावही बोवेनच होते, त्यामुळे दुय्यम लेखनात कधीकधी घोटाळा होतो. आर्ची कॅरोल यांनी १९७९ मध्ये आर्थिक, कायदेशीर, नैतिक आणि ऐच्छिक अशी चौपदरी मांडणी केली. दान तीत शेवटच्या पदरात येते. मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये घेतलेला आक्षेप मात्र दानापुरता नव्हता. कायद्याच्या चौकटीत नफा वाढवणे एवढीच व्यवसायाची जबाबदारी, असे त्यांचे म्हणणे होते.

भारतीय परंपरेबाबत दोन मते आहेत. एक मत गांधीजींच्या विश्वस्त संकल्पनेला (धनिकाने संपत्ती समाजाची ठेव म्हणून सांभाळावी) मूळ मानते आणि जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये दिल्लीत भरलेल्या परिसंवादाशी तिचा धागा जोडते. दुसरे मत त्याहून मागे, व्यापाऱ्यांच्या धर्मादायाकडे जाते. आडत बाजारात बिलावर ‘धर्मादा’ म्हणून वेगळी रक्कम लावायची आणि ती पाणपोई, गोशाळा, अन्नछत्र यांकडे वळवायची, अशी रीत होती. नाशिकसारख्या तीर्थक्षेत्री धर्मशाळा व अन्नछत्रे व्यापाऱ्यांच्या देणग्यांवर चालत आल्याने हे दुसरे मत स्थानिक लेखनात अधिक आढळते. परंतु धर्मादा व्यापाऱ्याच्या नफ्यातून जात नसे, तो गिऱ्हाईक भरत असे. ही रक्कम व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस बिजली कॉटन मिल्स प्रकरणात दिला. त्यामुळे धर्मादायाला नफ्यातून येणाऱ्या दायित्वाचा पूर्वज म्हणणे जपूनच स्वीकारावे लागते. विश्वस्त संकल्पनेचा संबंध अधिक जवळचा वाटतो, कारण तीत प्रश्न नफा कोणाला वाटला हा नसून संपत्ती कशी मिळवली व सांभाळली हा आहे.

कायदा : कंपनी अधिनियम, १९५६ मधील कलम २९३ ने संचालक मंडळाच्या दानावर कमाल मर्यादा घातली होती, ती ओलांडायची तर सर्वसाधारण सभेची संमती लागे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ ने उलट किमान मर्यादा आणली. ते १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. लगतच्या मागील आर्थिक वर्षात निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एक निकष ओलांडणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम या अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीत यादी दिलेल्या सामाजिक कामांवर खर्च करायची असते. असा कायदा करणारा भारत जगातील पहिला देश, हे विधान सर्रास केले जाते. इंडोनेशियाने २००७ मध्ये नैसर्गिक संसाधनांशी संबंधित कंपन्यांवर आणि मॉरिशसने २००९ मध्ये सरसकट नफ्यावर असे बंधन घातले होते, हे लक्षात घेता त्याला मुरड घालणे योग्य. २०१९ च्या दुरुस्तीतील तुरुंगवासाची तरतूद अमलात येण्यापूर्वीच मागे पडली व तिच्या जागी आर्थिक दंड आला. २२ जानेवारी २०२१ पासून चालू प्रकल्पांची न खर्चलेली रक्कम स्वतंत्र बँक खात्यात ठेवून तीन वर्षांत वापरणे बंधनकारक आहे. इतर अखर्चित रक्कम सहा महिन्यांत अनुसूचीतील एखाद्या निधीत भरावी लागते.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची तरतूद नियमांच्या व्याख्येत दडलेली आहे. नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेली कामे आणि केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याची कामे या खर्चात धरता येत नाहीत. म्हणजे कारखान्याने स्वतःच्या सांडपाण्यावर चांगली प्रक्रिया केली, ठेकेदाराच्या कामगारांना वेळेवर व पूर्ण वेतन मिळेल हे पाहिले किंवा लहान पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले, तर कायद्याच्या हिशोबी तो ‘सीएसआर’ नव्हे. ही कामे जल अधिनियम, १९७४, कंत्राटी कामगारांविषयीचे कायदे वगैरेंच्या कक्षेत राहतात. दुहेरी गणना टाळण्यासाठी हे वगळणे समर्थनीय आहे. परंतु त्यामुळे कॅरोल यांच्या मांडणीतला शेवटचा पदरच लोकांच्या नजरेत संपूर्ण संकल्पना होऊन बसला. उरलेल्या पदरांची नोंद आता शेअर बाजारातील आघाडीच्या १,००० कंपन्यांना सेबी या बाजार-नियामक संस्थेने बंधनकारक केलेल्या व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवालात (२०२२-२३ पासून) होते.

नाशिक जिल्हा : सातपूर, अंबड, सिन्नर, दिंडोरी, गोंदे व वाडीवऱ्हे ही जिल्ह्यातील प्रमुख औद्योगिक क्षेत्रे. मोठ्या कारखान्यांच्या कंपन्यांची मुख्य कार्यालये बहुधा जिल्ह्याबाहेर आहेत. महिंद्र व सिएटची मुंबईला, बॉश आणि ओझरला लढाऊ विमाने बांधणाऱ्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सची बंगळूरला, तर नाशिकरोडची दोन्ही मुद्रणालये चालवणाऱ्या महामंडळाचे दिल्लीला. खर्चाचे निर्णय तेथे होतात. कलम १३५ मध्ये कंपनीने कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावे असे म्हटले आहे. तथापि ही तरतूद मार्गदर्शक आहे, सक्तीची नाही, असा खुलासा केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये केला. २०२० मध्ये पीएम केअर्सला दिलेली रक्कम या खर्चात धरली गेली, मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेली नाही. तेव्हा महाराष्ट्रात या भेदावर टीका झाली. सरकारी कंपन्यांना कलम १३५ पूर्वीच, २०१० पासून, सार्वजनिक उपक्रम विभागाची मार्गदर्शक तत्त्वे लागू होती.

दानापलीकडची कसोटी येथे सर्वाधिक स्पष्ट होते ती पाण्यात. सातपूर-अंबडच्या बाजूने वाहणारी नंदिनी (नासर्डी) पुढे गोदावरीला मिळते. गोदावरीच्या प्रदूषणाबाबत २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली व तीत नीरी या संशोधन संस्थेची मदत घेण्यात आली. नदीतील दूषित पाण्याचा मोठा वाटा शहराच्या मैलापाण्याचा आहे, यावर फारसा मतभेद नाही. कारखान्यांचा वाटा किती, यावर आहे. इलेक्ट्रोप्लेटिंग व पावडर कोटिंग करणाऱ्या छोट्या कारखान्यांना स्वतःचे प्रक्रिया संयंत्र परवडत नाही. त्यांच्याकडून जॉबवर्क करून घेणाऱ्या मोठ्या कंपनीची जबाबदारी फाटकापाशी संपते की पुढे जाते, हा प्रश्न त्यातून येतो. सेबीने २०२३ मध्ये पुरवठा साखळीची माहितीही मोठ्या कंपन्यांच्या अहवालात आणण्याचे ठरवले, नंतर ती ऐच्छिक केली. तरीही अंबडच्या व्हेंडरकडे मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागाची प्रश्नावली येऊ लागली, तर ती भरून द्यायला त्याच्याकडे स्वतंत्र माणूस क्वचितच असतो.

सुरक्षितता हा दुसरा पैलू. १ जानेवारी २०२३ रोजी इगतपुरी तालुक्यातील मुंढेगाव येथील कारखान्यात लागलेल्या भीषण आगीनंतर जिल्ह्यातील कारखान्यांच्या अग्निसुरक्षेची चर्चा झाली.

पाणलोटाच्या कामांत दान व दायित्व यांची सीमा पुसट होते. भरपूर पावसाचे इगतपुरी व त्र्यंबकेश्वर तालुके उन्हाळ्यात टँकरवर असतात, आणि त्याच पट्ट्यातील धरणांचे पाणी शहर व कारखाने वापरतात. अशा गावात साठवण बंधारा बांधणे हे देणगी म्हणून नोंदले जात असले, तरी उपसलेल्या पाण्याची अंशतः भरपाई म्हणूनही त्याकडे पाहता येते. सिन्नर तालुक्यात देवनदीवरील जुने वळणबंधारे व पाट युवा मित्र या संस्थेने गावकऱ्यांसह पुन्हा वाहते केले. त्याला साहाय्य धर्मादाय न्यासाचे होते, कलम १३५ खालचे नव्हे. पेठ व सुरगाणा तालुक्यांतील लहान संस्थांपुढे वेगळी अडचण आहे : १ एप्रिल २०२१ पासून कलम १३५ खालचा निधी घेणाऱ्या संस्थेला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील ‘सीएसआर-१’ नोंदणी आणि आयकर कायद्याखालील नोंदण्या लागतात.

कायद्याबाहेरचे क्षेत्र : कलम १३५ फक्त कंपन्यांना लागू आहे. भागीदारी पेढ्या, बाजार समित्या, सहकारी बँका व सहकारी साखर कारखाने त्यात येत नाहीत. नाशिकच्या द्राक्ष, कांदा व ऊस व्यवहाराचा बराचसा भाग त्यामुळे बाहेर राहतो. आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने १९९५ मध्ये स्वीकारलेल्या सात तत्त्वांपैकी सातवे तत्त्व समाजाविषयीच्या आस्थेचे आहे, पण त्याला टक्केवारी जोडलेली नाही. मोहाडी (ता. दिंडोरी) येथील सह्याद्री फार्म्स ही शेतकरी उत्पादक कंपनी असल्याने तेथे माल पुरवणारा शेतकरी हाच मालकही असतो. सहकारातही मालकी सभासदांचीच असते. मात्र निफाड व पळसे येथील सहकारी साखर कारखाने दीर्घकाळ बंद राहिले, तेव्हा कामगारांची थकीत देणी आणि ऊस दुसऱ्या कारखान्याकडे नेण्याचा वाढीव वाहतूक खर्च हे विषय सहकार कायदा व न्यायालयांपुढेच राहिले.