बाथ ॲबीची फरशी आणि तळतापन

बाथ ॲबी : इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातल्या बाथ शहराचे मुख्य चर्च. खचू लागलेली दगडी फरशी उचलून, तिच्याखालची जमीन पक्की करून आणि शहरातील नैसर्गिक गरम झऱ्यांच्या उष्णतेवर चालणारी तापनव्यवस्था बसवून ती पुन्हा अंथरण्याचे काम येथे ‘फूटप्रिंट’ या प्रकल्पाखाली झाले. मुख्य काम २०१८ मध्ये सुरू झाले व नवी तापनव्यवस्था २०२१ मध्ये कार्यान्वित झाली. सुमारे १ कोटी ९३ लाख पौंड खर्चाच्या या प्रकल्पाला राष्ट्रीय लॉटरीच्या वारसा निधीतून १ कोटी ७ लाख पौंड मिळाले.

सध्याच्या चर्चचे बांधकाम बिशप ऑलिव्हर किंग याने १४९९ मध्ये एका पडीक झालेल्या, आकाराने कितीतरी मोठ्या नॉर्मन काळातील (अकराव्या-बाराव्या शतकातील) कॅथीड्रलच्या, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चच्या, जागेवर सुरू केले. पुढे बाथ हे गरम पाण्याच्या स्नानासाठी प्रसिद्ध झाले. उपचारासाठी आलेल्या सधन रुग्णांपैकी जे तिथेच दगावत, त्यांपैकी अनेकांचे नातेवाईक चर्चच्या आतच दफनाची जागा विकत घेत. सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सहा हजारांहून अधिक देह या फरशीखाली पुरले गेले असावेत, असा अंदाज आहे. त्यांच्या नावांचे कोरीव दगड म्हणजेच इथली फरशी असून अशा ८९१ कबरशिळांची नोंद आहे. जुन्या गोव्यातील सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चची जमीनही अशाच कोरीव कबरशिळांची आहे. तिथे मात्र ऊब हवी असा प्रश्न कधी उद्भवत नाही.

फरशी खचण्याचे मूळ या दफनांतच होते. शवपेट्या व देह कुजले, भोवतीची माती हळूहळू खाली बसली आणि दगडांखाली पोकळ्या निर्माण झाल्या. आधार सुटलेला दगड एका कडेने झुकतो, मग त्याला तडा जातो. १८६० व १८७० च्या दशकांत वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी चर्चचा जीर्णोद्धार केला, त्या वेळी फरशी सारखी करण्यात आली, अनेक शिळा जागच्या हलवल्या गेल्या, काही कापल्या गेल्या आणि मुख्य दालनात लाकडी बाकांच्या रांगा बसवण्यात आल्या. बाकांखाली गेलेल्या शिळांवर पुढे जवळपास दीडशे वर्षे कोणाचा पाय पडला नाही. त्यामुळे वाटेवरच्या शिळांची अक्षरे झिजून पुसट झाली असताना बाकांखालच्या शिळांवरील मजकूर, घराण्यांची मानचिन्हे आणि छिन्नीचे बारीक कंगोरेसुद्धा शाबूत राहिले. ही बाके कायमची काढण्यास व्हिक्टोरियन सोसायटी या, एकोणिसाव्या शतकातील वास्तूंच्या जतनासाठी झटणाऱ्या संस्थेने हरकत घेतली होती. प्रकरण चर्चच्या न्यायालयात गेले आणि निकाल ॲबीच्या बाजूने लागला. स्कॉट यांची बाके हाही वारसाच होता, हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पण ती ठेवून खालची जमीन दुरुस्त करणे व दालन मोकळे करणे अवघड होते.

काम टप्प्याटप्प्याने झाल्याने चर्च पूर्णपणे बंद ठेवावे लागले नाही. प्रत्येक शिळेची नोंद करून ती उचलणे, तडे सांधणे आणि पुन्हा बसवणे हा यातला सर्वांत वेळखाऊ भाग होता. सोबत पुरातत्त्वीय उत्खननही चालले. आजच्या फरशीच्या सुमारे दोन मीटर खाली नॉर्मन कॅथीड्रलची मध्ययुगीन, रंगीत नक्षीच्या लाद्यांची फरशी सापडली. चर्चलगतच्या खोदाईत त्याही आधीच्या, अँग्लो-सॅक्सन काळातील अर्धवर्तुळाकार दगडी बांधकामाचे अवशेषही मिळाले.

जुन्या चर्चच्या फरशीखाली ओल अडवणारा थर मुळात नसतो. जमिनीतली ओल दगडांच्या सांध्यांतून सावकाश वर येऊन सुकून जाते. तिथे प्लास्टिकचे कापड घालून वर सिमेंट काँक्रीट ओतले, तर कोंडलेली ओल बाजूला सरकते आणि भिंतींत व खांबांत चढते. म्हणून अशा वास्तूंत आता सामान्यतः फुगवलेल्या काचेच्या हलक्या खड्यांचा उष्णतारोधक थर, त्यावर चुन्याचे काँक्रीट, मग तापननळ्या असलेला थर आणि शेवटी चुन्याच्या मसाल्यात बसवलेली फरशी अशी रचना पसंत केली जाते.

तळतापनात, म्हणजे फरशीखालच्या नळ्यांतून गरम पाणी फिरवून दालन उबदार ठेवण्याच्या पद्धतीत, साधारणपणे ३५ ते ४५ अंश सेल्सिअसचे पाणी पुरते. उंच छताच्या दालनात रेडिएटरमुळे तापलेली हवा सरळ वर जाते आणि बसलेल्या माणसाचे पाय गारच राहतात. तापलेली फरशी मात्र माणसाला खालून ऊब देते. तापमान सावकाश बदलत असल्याने ऑर्गन व लाकडी कोरीवकाम यांनाही ही पद्धत मानवते. मात्र जाड दगड तापायला बराच वेळ लागतो. फक्त रविवारी तासभर उघडणाऱ्या गावच्या चर्चला हा खर्च परवडणारा नाही. रोज प्रार्थना, संगीत आणि पर्यटकांची वर्दळ असलेल्या ॲबीला तो शोभतो.

बाथच्या झऱ्यांतून दररोज सुमारे ११ लाख ७० हजार लिटर पाणी जवळपास ४६ अंश सेल्सिअस तापमानाने बाहेर पडते. रोमन स्नानगृहांतून पुढे गेल्यावर त्यातले बरेचसे रोमन काळातील मोठ्या गटारातून एव्हन नदीला मिळते आणि त्याची उष्णता वाया जात असे. आता या गटारात उष्णता विनिमयकाची पाती बसवली आहेत. झऱ्याचे खनिजयुक्त पाणी फरशीखालच्या नळ्यांत येत नाही. पात्यांतून फिरणारे वेगळे पाणी त्याची उष्णता घेते, हीट पंप हे विजेवर चालणारे यंत्र तिचे तापमान वाढवते आणि मग ती फरशीखाली पोहोचते. ॲबीखेरीज शेजारच्या जॉर्जियन (प्रामुख्याने अठराव्या शतकातल्या) शैलीच्या घरांच्या ओळीलाही हीच ऊब मिळते.

बाकांच्या जागी आता सुट्या खुर्च्या आल्याने मैफली आणि समारंभांसाठी दालन हवे तसे मांडता येते. अशा कोणत्याही चर्चमध्ये नळ्या नेमक्या कुठून गेल्या आहेत याचा नकाशा जपून ठेवणे आवश्यक असते, कारण मंच किंवा कठडा उभारताना फरशीत खिळा वा बोल्ट ठोकला, तर शिळा आणि नळी दोन्ही एकदमच निकामी होऊ शकतात.