३.१० म्हणजे नेमका किती जुना? जुन्या कर्नलवरच्या वायफाय ड्रायव्हरची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर सांगलीतल्या एका अभियांत्रिकी प्रयोगशाळेतले संगणक तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर नेले. वर केबल नव्हती, म्हणून वायफायसाठी यूएसबी डोंगल आणले. चिप डिझाइनचं सॉफ्टवेअर सेंटओएस ७ या लिनक्स वितरणावरच चालेल अशी विकणाऱ्याची अट होती, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम बदलायचा प्रश्नच नव्हता. डोंगल यादीत दिसत होतं, वायफाय मात्र काही केल्या पकडेना. डोंगल चालवणारा कोड म्हणजे ड्रायव्हर; तो कर्नलसाठी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासाठी, कंपाइल करायला मी बसलो आणि त्यात चार दिवस गेले. ते का गेले, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

लिनक्सवर वायफायची सुरुवातीची वर्षं ओढाताणीची होती. विंडोजचा ड्रायव्हर उचलून वेष्टणात गुंडाळायचा, हाही एक मार्ग होता आणि अनेकांनी तो वापरला. जुलै २००७ च्या २.६.२२ कर्नलमध्ये मॅक८०२११ हा सामाईक थर आला आणि प्रत्येक ड्रायव्हरने तेच काम वेगळं करायची गरज कमी झाली. पण त्याबरोबर एक अडचण जन्मली. नवा ड्रायव्हर नव्या थरावर बेतलेला, तर लोकांच्या संगणकात थर जुना.

कर्नलच्या आतले इंटरफेस, म्हणजे ड्रायव्हर ज्या फंक्शनांतून कर्नलशी बोलतो ती, स्थिर ठेवायचे नाहीत, हा मुख्य विकासकांचा जाणूनबुजून घेतलेला निर्णय आहे. ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये द्या, बदल आम्हीच करून देऊ, अशी त्यांची भूमिका. ती मला पटते. मात्र ज्यांनी ड्रायव्हर बाहेर ठेवला, त्याची किंमत वापरणाऱ्याला मोजावी लागते. कर्नल ४.८ मध्ये स्कॅन संपल्याचं कळवणाऱ्या फंक्शनला हो-नाहीऐवजी स्ट्रक्चर द्यावं लागू लागलं. ४.१५ मध्ये टायमर लावायची जुनी पद्धतच काढून टाकली. दर वेळी बाहेरचे ड्रायव्हर मोडले.

यावर दोन उपाय रुळले. एक म्हणजे ड्रायव्हरच्या कोडमध्ये जागोजागी ‘कर्नल अमुकपेक्षा जुना असेल तर हे, नाहीतर ते’ अशा अटी पेरायच्या. दुसरा अधिक शहाणपणाचा: ड्रायव्हरला हात लावायचा नाही, उलट जुन्या कर्नलमध्ये नसलेली फंक्शनं खालून पुरवायची. कॉम्पॅट-वायरलेस या नावाने हे काम सुरू झालं. वायफायपलीकडचे ड्रायव्हर त्यात आले तसं नाव बदललं आणि २०१३ पासून ते बॅकपोर्ट्स म्हणून ओळखलं जातं. राउटरवर चालणाऱ्या ओपनडब्ल्यूआरटी या लिनक्स वितरणाचा वायफाय थरही याच वाटेने येतो.

खरा गुंता बॅकपोर्ट या शब्दाचा आहे, कारण तो दोन उलट्या गोष्टींसाठी वापरतात. वरच्या अर्थाने ड्रायव्हर जुन्या कर्नलवर आणला जातो आणि कर्नल आहे तसा राहतो. एंटरप्राइज लिनक्सवाले, म्हणजे कंपन्यांसाठी एकच आवृत्ती वर्षानुवर्षं सांभाळणारे, मात्र कर्नललाच नव्या आवृत्तीतले तुकडे जोडतात आणि आकडा जुनाच ठेवतात. सेंटओएस ७ याच प्रकारातलं; त्याचा कर्नल स्वतःला शेवटपर्यंत ३.१० म्हणवत राहिला. मूळ ३.१० जून २०१३ चा. आतला वायफाय थर मात्र पुढच्या कर्नलमधून आणलेला.

आमचे चार दिवस इथेच गेले. ड्रायव्हरने आकडा ३.१० वाचला, जुन्या फंक्शनांची वाट धरली आणि ती फंक्शनं तिथे नव्हतीच. एरर वाचून मी आधी हेडर फायली (कर्नलमधल्या फंक्शनांची ओळख कंपायलरला देणाऱ्या) चुकीच्या असतील असं समजलो, त्या दोनदा बदलल्या. उपाय शेवटी साधा निघाला. कर्नलचा आकडा बाजूला ठेवून वितरणाची आवृत्ती सांगणारा वेगळा मॅक्रो, म्हणजे कोडमधला नाव दिलेला आकडा, तपासायचा आणि अटी त्यावर लिहायच्या. डीकेएमएस हे साधन आम्ही आधीच बसवलं होतं, पण ते नव्या कर्नलसाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधतं, इतकंच. कोड चुकलेला असेल तर तेही थांबतं.

रिअलटेक या कंपनीच्या काही यूएसबी वायफाय चिपांचा आधार कर्नल ६.२ पासून, म्हणजे २०२३ मध्ये, मुख्य कर्नलमध्ये आला. नव्या संगणकांना त्याचा उपयोग झाला, आमच्या प्रयोगशाळेला नाही. सेंटओएस ७ चे अपडेट ३० जून २०२४ ला बंद झाले. त्याच्या ३.१० मध्ये आता काही जोडलं जाणार नाही, त्यामुळे आम्ही लिहिलेल्या अटी तिथे पुन्हा बदलाव्या लागणार नाहीत.