पंगत की टेबल-खुर्ची: सरेच्या गुरुद्वाऱ्यातली फूट आणि तिथली तरुण पोरं

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियामधल्या गुरुद्वाऱ्यांचा विषय निघाला की आता सगळे थेट २०२३ वर येतात. त्या वर्षी १८ जूनला सरेमधल्या गुरुद्वाऱ्याच्या पार्किंगमध्ये तिथल्या अध्यक्षांना गोळ्या घालून मारलं आणि मग दिल्ली-ओटावाचं जे बिनसलं ते सगळ्यांनी पाहिलं. पण याच गुरुद्वाऱ्यात त्याच्या सव्वीस वर्षं आधी लोक एकमेकांच्या अंगावर गेले होते ते लंगरातल्या, म्हणजे तिथल्या सामुदायिक जेवणातल्या, टेबल-खुर्च्यांवरून, आणि तिथली आज चाळिशीला आलेली पिढी ते बघत मोठी झाली.

फार जुनं थोडक्यात सांगतो. लाकडाच्या मिलमध्ये काम करायला आलेली माणसं, १९०८ मध्ये व्हँकुव्हरला गुरुद्वारा, आणि काम मिळावं म्हणून बऱ्याच जणांनी कापलेले केस. १९५२ मध्ये केस कापलेल्या माणसाने कमिटीवर बसावं का यावरून वाद झाला, एक गट बाहेर पडला आणि त्याने वेगळी संस्था काढली. म्हणजे फूट १९८४ नंतरच, सुवर्णमंदिरावरची लष्करी कारवाई आणि शीखविरोधी दंगली झाल्यावरच आली असं जे सरसकट लिहितात ते खरं नाही. ८४ ने एवढं केलं की जुन्या भांडणाला नवी धार आली, पुढच्याच वर्षी एअर इंडियाच्या विमानात बॉम्बस्फोट होऊन ३२९ माणसं गेली, आणि त्यानंतर कमिटीची प्रत्येक निवडणूक म्हणजे तुम्ही कुठल्या बाजूचे याचा हिशेब झाला.

आता खुर्च्या. तिथल्या बऱ्याच गुरुद्वाऱ्यांत लंगर टेबल-खुर्चीवर बसून खायची पद्धत कित्येक वर्षं चालत आलेली होती, थंडीचा देश, पँट-बूट घालून आलेले कामगार, गुडघे गेलेली म्हातारी माणसं. दरबारात, म्हणजे ग्रंथसाहिब असतो त्या मुख्य दालनात, सगळे जमिनीवरच बसायचे, प्रश्न फक्त लंगर हॉलचा होता. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, पंगत म्हणजे पंगत, अकबर बादशहासुद्धा पंजाबातल्या गोइंदवालला आधी पंगतीत बसला आणि मगच गुरूंना भेटला असं परंपरा सांगते, तर तुम्ही कोण? जानेवारी १९९७ मध्ये सरेला यावरून हाणामारी झाली, कृपाणी निघाल्या, माणसं जखमी झाली. एप्रिल १९९८ मध्ये अमृतसरच्या अकाल तख्तावरून, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठावरून, हुकमनामा आला की टेबल-खुर्च्या काढा, काहींनी तो मानला नाही, आणि जुलैमध्ये सहा जणांना पंथाबाहेर काढलं.

हुकमनामा या शब्दाचा इथे घोळ होतो. रोज सकाळी ग्रंथसाहिबातून निघतो तोही हुकमनामा आणि तख्ताचा आदेश तोही हुकमनामा, एक गुरूचा शब्द आणि दुसरा त्या वेळी गादीवर असलेल्या माणसांचा निर्णय. ज्यांनी खुर्च्या ठेवल्या ते म्हणत होते आम्ही पहिला मानतोच, दुसऱ्यावर प्रश्न विचारायचा हक्क आम्हाला आहे. मला स्वतःला पंगत मनापासून आवडते, नांदेडला तख्ताच्या दर्शनाला गेलो की लंगरात पट्टीवर मांडी घालून बसतो, सेवादार ‘परशादा वाहेगुरू’ म्हणत येतो, आपण दोन्ही हात जोडून पुढे करायचे आणि गरम रोटी ओंजळीत पडते, शेजारी कोण बसलंय ते कोणी विचारत नाही. पण म्हणून खुर्चीवर बसलेल्या म्हातारीला पंथाबाहेर म्हणणं मला पटत नाही, आणि तो आदेश इतक्या लांबून, तिथल्या लोकांची फूट आणखी वाढेल याचा विचार न करता दिला गेला असंच मला वाटतं.

पेपरवाल्यांनी सोय म्हणून दोन लेबलं लावली, खुर्चीवाले मॉडरेट आणि जमिनीवाले फंडामेंटलिस्ट. यात तरुणांची सगळ्यात जास्त ओढाताण झाली. कॅनडात जन्मलेली, आजीच्या मांडीवर बसून पाठ ऐकलेली, शाळेत पगडीवरून टोमणे खाल्लेली पोरं, ती लंगरात जमिनीवर बसली की लगेच अतिरेकी? त्यातल्या अनेकांना कमिटीच्या राजकारणाचा वीट आला आणि ती उन्हाळी शिबिरं, कीर्तन, इंग्रजीतून कथा याकडे वळली. उरलेल्यांनी ठरवलं की निवडणूक लढवायची. २००८ मध्ये सरेला तरुणांचं पॅनल जिंकलं आणि बातम्यांत पुन्हा तेच आलं, कट्टर परत आले म्हणून. त्यांच्यात कडक मतांचे होते हे खरंच आहे, खलिस्तानवाद्यांचे फोटो भिंतीवर लागले हेही खरं, ते झाकायचं कारण नाही. पण मत देणाऱ्या प्रत्येकाला तेच हवं होतं असं नाही, वर्षानुवर्षं त्याच काकालोकांनी किल्ल्या आणि गोलक (दानपेटी) धरून ठेवल्याचा राग त्यात होता.

नंतरच्या वर्षांत चित्र आणखी पसरलं. २०२० च्या डिसेंबरमध्ये शेतकरी आंदोलनासाठी सरेच्या रस्त्यांवर गाड्यांच्या रॅली निघाल्या, त्यात दोन्ही गटांच्या घरची पोरं होती. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये पुराने रस्ते तुटले तेव्हा सरेच्याच दुसऱ्या एका गुरुद्वाऱ्यात रातोरात हजारो जेवणं शिजली आणि हेलिकॉप्टर भाड्याने घेऊन होप गावात अडकलेल्या लोकांपर्यंत पोचवली गेली, तिथे पंगत होती का टेबल हे कोणी विचारलं नाही. २०२१ च्या जनगणनेत या प्रांतात शीख सुमारे २ लाख ९० हजार, आणि त्यात आता पंजाबहून शिकायला आलेली पोरंही भरपूर आहेत, ज्यांना ९८ चं भांडण माहीतही नाही आणि ज्यांच्यासाठी लंगर म्हणजे महिनाअखेरीचं जेवण आहे. बऱ्याच गुरुद्वाऱ्यांत दरबारात मोठा स्क्रीन असतो, गुरबाणीची ओळ गुरमुखीत येते आणि खाली तिचा इंग्रजी अर्थ.