स्प्रिंट रिपोर्टची बेरीज जुळत नाहीये? आम्हाला फोन करायच्या आधी हे बघा

स्प्रिंट, म्हणजे टीमने ठरवून घेतलेला कामाचा ठराविक मुदतीचा टप्पा, बंद झाला की ठरलेला मेसेज येतो, "व्हेलॉसिटी चार्टमध्ये कमिटमेंट 26 आणि कम्प्लीटेड 30, असं कसं, तुमचा सेटअप गंडलाय का?" जिरा, म्हणजे टीमच्या कामांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, त्याचा बोर्ड आम्हीच लावून दिलेला असतो, त्यामुळे पहिला संशय आमच्यावर, चालायचंच. पण बहुतेक वेळा गंडलेलं काही नसतं.

व्हेलॉसिटी चार्ट म्हणजे दर स्प्रिंटला किती काम ठरलं आणि किती झालं ते दाखवणारा आलेख. त्यात कमिटमेंटचा राखाडी बार म्हणजे 'स्टार्ट स्प्रिंट' दाबलं त्या क्षणी स्प्रिंटमध्ये जेवढे पॉइंट (कामाच्या आकाराचा अंदाज) होते तेवढे, बास. नंतर तुम्ही काहीही करा, तो हलत नाही. कम्प्लीटेडचा हिरवा बार मात्र शेवटी जे डन झालं ते सगळं मोजतो, मधेच घुसवलेलं कामसुद्धा.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक. प्लॅनिंगला उशीर झालेला असतो, कोणीतरी म्हणतं चला सुरू करून टाकू, पॉइंट नंतर भरू, आणि दोन स्टोऱ्या (म्हणजे यादीतली दोन कामं) पॉइंट न भरताच स्प्रिंटमध्ये जातात. समजा सुरुवातीला 26 पॉइंट होते, दुसऱ्या दिवशी त्या दोन स्टोऱ्यांना 5 आणि 3 दिले, झाले 34. मग एका स्टोरीचे 3 चे 5 केले, 36. एक 2 पॉइंटचा बग आत घेतला, 38. शेवटच्या आठवड्यात 8 ची एक स्टोरी बाहेर काढली, राहिले 30 आणि ते सगळे पूर्ण झाले. टीमच्या डोक्यात प्लॅन 34 चा, चार्ट म्हणतो 26, आणि मॅनेजर विचारतो टीमने जास्त काम केलं की कमी! हे सगळं स्प्रिंट रिपोर्टमध्ये दिसतं हो, नंतर आलेल्या कामापुढे चांदणी (*) असते, बदललेला पॉइंट बाणाने दाखवलेला असतो, काढलेलं काम खाली वेगळं असतं. तेवढं पाच मिनिटं बसून वाचलं तर निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

तरी जुळलं नाही तर बोर्डाचा शेवटचा कॉलम बघा, जिरा फक्त सगळ्यात उजवीकडचा कॉलमच पूर्ण धरतो, त्यामुळे डनच्या उजवीकडे कोणी हौसेने 'रिलीज झालं' असा कॉलम टाकला असेल तर डनमधलं काम अपूर्ण मोजलं जाणार. आणि सबटास्कला, म्हणजे स्टोरीच्या आतल्या छोट्या कामांना, पॉइंट देऊ नका. ते व्हेलॉसिटीत धरले जात नाहीत, पण एक्सेलला काढलेल्या यादीत येतात आणि तिथली बेरीज फुगते. दोन बोर्डांचे फिल्टर (बोर्डावर कुठली कामं दिसणार ते ठरवणारे) वेगळे असतील तर आकडे वेगळे येणारच, त्यात शोधण्यासारखं काही नाही.

"तुम्ही ॲडमिन आहात ना, मग मागचा 26 चा 34 करून द्या" असं बरेच जण म्हणतात. आम्ही करत नाही. तो आकडा कुठे टाईप केलेला नसतो, कामांच्या हिस्टरीवरून निघतो, आणि हिस्टरीशी खेळलं की पुढच्या कुठल्याच रिपोर्टवर कोणी विश्वास ठेवणार नाही. राग येतो काहींना, येऊ दे.

त्यापेक्षा रिकामा पॉइंट असलेली स्टोरी स्प्रिंट सुरू व्हायच्या आधीच दिसावी म्हणून आम्ही बोर्डावर एक क्विक फिल्टर लावून देतो. ज्यांचा सेटअप आमच्याकडे आहे त्यांना तो असाच मिळतो, बाकीच्यांना कॉलम आणि फिल्टरच्या तपासणीसोबत. आणि फोन करायचाच असेल तर स्प्रिंट रिपोर्टचा पूर्ण स्क्रीनशॉट आधी पाठवा, नुसत्या एक्सेलवरून आम्हाला काहीच कळत नाही.