मध रवाळ झाला म्हणजे भेसळीचा?

हिवाळा लागला, खान्देशात भरताच्या पार्ट्या सुरू झाल्या की हा मेसेजही फिरू लागतो: 'बरणीत मध थिजला, तर समजा साखरेचा पाक मिसळलाय.'

तसं नाही. मधात साधारण ८० टक्के शर्करा आणि १७-१८ टक्के पाणी असतं. एवढ्याशा पाण्यात सगळं ग्लुकोज मावत नाही. १४ अंशांच्या आसपास ते रव्याच्या, म्हणजे स्फटिकांच्या रूपात सर्वांत भराभर बाहेर पडतं. जळगाव-धुळ्याची थंडीतली पहाट तेवढी गार असतेच.

मग शेजारच्या घरचा मध पातळ का? एक तर फुलोरा वेगळा. दुसरं, स्फटिकाला सुरुवात लागते. रेणूंचे छोटे पुंजके जुळतात नि लगेच विरघळतात. एखादाच ठरावीक आकार ओलांडतो, मग मात्र वाढतच जातो. परागकण किंवा मधाचाच जुना रवा ही आयती सुरुवात. तापवून बारीक गाळलेल्या मधात ती फारशी उरत नाही.

प्रथिनांचे स्फटिक होतानाही असंच. तो पहिला पुंजका टिपणं फार अवघड, म्हणून प्रथिनाचे रेणू चिकट गोळ्यांसारखे मानून संगणकावर त्यांची हालचाल बघतात. १९९७ साली अशाच एका संगणकी प्रयोगात दिसलं, की काही परिस्थितीत आधी दाट द्रवाचा थेंब जमतो आणि स्फटिक नंतर त्यात आकार घेतो. मला तर हे मधापेक्षाही गोड वाटतं!

घरी बघायचंय? पातळ मध दोन वाट्यांत घ्या. एकीत चिमूटभर रवाळ मध कालवा, दोन्ही झाकून गारव्याला ठेवा. विरजण लावलेली वाटी बहुधा आधी थिजेल. शुद्धता मात्र यातून कळत नाही, ना थिजण्यावरून ना पातळपणावरून. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.