नागपूरचे ५६ अंश आणि डोक्यावरचं टिन

३० मे २०२४ ला नागपुरातल्या प्रत्येक मोबाइलवर एकच आकडा फिरत होता : ५६ अंश. रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने तो दाखवला होता. सेन्सर बिघडलाय, असं हवामान खात्याने नंतर सांगितलं. शहराचा खरा पारा पंचेचाळिशीच्या आसपासच होता. मे २०१३ मधला ४७.९ अंशांचा उच्चांक शाबूत राहिला आणि मामला मिटला.

५६ खोटे, ४५ खरे. ठीक. पण ४५ कोणासाठी? खात्याचा थर्मामीटर मोकळ्या मैदानात, झडपांच्या पांढऱ्या पेटीत टांगलेला असतो. त्याला ऊन लागू नये, तापलेल्या भिंतीची झळ बसू नये, म्हणूनच तर ही सगळी उठाठेव. तो हवेचं तापमान मोजतो आणि ते चोख मोजतो. पण जाटतरोडी किंवा पांढराबोडीसारख्या झोपडवस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत, हात वर केला की लागेल अशा टिनाखाली दुपार काढणाऱ्या बाईला हवेइतकंच ते टिनही भाजतं, आणि ते कोणत्याच बुलेटिनमध्ये येत नाही. २०११ च्या जनगणनेत नागपूरची एक तृतीयांशाहून जास्त लोकसंख्या झोपडपट्ट्यांत मोजली गेली होती, तेव्हा हा काही मूठभर घरांचा प्रश्न नव्हे.

जाता जाता नवतप्याबद्दल, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांबद्दल. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्याने नागपूर तापत नाही. आपलं शहर २१ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे २६ मेच्या सुमारास सूर्य बरोबर माथ्यावर येतो. आभाळ कोरं आणि जमीन सुकलेली असते, म्हणून तापतं. तोच सूर्य जुलैच्या मध्याला पुन्हा माथ्यावर येतो, पण तेव्हा ढग असतात, म्हणून त्याची कोणाला खबरही नसते. आणि खिशातला कांदा ऊन अडवत नाही, तो भाजीत घालावा.

आता टिनाकडे. मेच्या दुपारी छताच्या दर चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊन पडतं. दहा बाय दहाचं छत म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर, म्हणजे नऊ किलोवॅटच्या वर. चार गिझर एकदम सुरू केल्यासारखं. यातलं किती परत फेकायचं आणि किती प्यायचं, हे छताचा पृष्ठभाग ठरवतो. जुनं, गंजलेलं टिन बहुतेक सगळं पितं. ताज्या चुन्याचा पांढरा थर तीन चतुर्थांशाच्या आसपास परत फेकतो.

इथपर्यंत शाळेतलं. गंमत पुढे आहे. नवं कोरं टिन चकचकीत असतं, ऊनही बऱ्यापैकी परतवतं, मग ते हात पोळेल इतकं का तापतं? कारण प्यालेली उष्णता त्याला बाहेर टाकता येत नाही. प्रत्येक वस्तू अवरक्त किरणांच्या रूपात उष्णता सोडते, पण सगळ्या वस्तू सारख्या सोडत नाहीत. या क्षमतेला उत्सर्जकता म्हणतात : पूर्ण असेल तर १, अजिबात नसेल तर ०. चुन्याची ०.९ च्या आसपास, नव्या जस्ती पत्र्याची जेमतेम पाव. म्हणून चमकणारं टिन कमी पितं, पण प्यालेलं धरून ठेवतं. पांढरा चुना कमी पितो आणि वर भराभर सोडतोही. मेमधली नागपूरची कोरडी हवा यात मदत करते. ८ ते १३ मायक्रॉन लांबीच्या लहरींना वातावरणात एक खिडकी असते, बाष्प कमी असलं की ती जास्त उघडी राहते आणि छताची उष्णता थेट आभाळात जाते.

उत्सर्जन केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. ६५ अंशांचं, म्हणजे ३३८ केल्विनचं गंजकं टिन दर चौरस मीटरमागे ७०० वॅटच्या आसपास खाली ओततं. ३५ अंशांची आपली त्वचा उलट ५०० वॅट सोडते. फरक उरतो २०० चा. खाटेवर आडव्या माणसाचा अर्धा चौरस मीटर टिनाकडे असेल तर शंभरेक वॅट त्याच्या अंगावर आले. स्वस्थ पडलेल्या माणसाचं शरीर स्वतः जवळपास तेवढीच उष्णता तयार करतं! म्हणजे घामाचं काम दुप्पट झालं, आणि बाहेरची हवाच ४५ असताना उष्णता काढून द्यायला घामाशिवाय दुसरी वाट नाही. कूलर हवा गार करतो, टिन नाही; शिवाय एकच दार असलेल्या खोलीत दमट हवा कोंडली की घामही सुकत नाही. पाणी भरायचा व्याप वेगळाच.

वस्त्यांतले लोक हे कधीचे ओळखून आहेत. टिनावर ओली पोती, तणस, निवडणुकीनंतर उरलेलं फ्लेक्स, सगळं अंथरलेलं दिसतं. यावर चुना हा जास्त नेमका उपाय आहे. अहमदाबादेत २०१७ मध्ये महापालिकेने सुमारे ३००० छतं पांढरी करायचा कार्यक्रम घेतला. तिथल्या वस्त्यांत महिला हाउसिंग ट्रस्टने बायकांच्या गटांमार्फत हेच काम नेलं. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच आणलं. नागपूरचा उष्णता कृती आराखडा २०१६ पासून आहे, पण पाणपोई आणि शाळांच्या वेळा यांपलीकडे छतापर्यंत तो पोचायला हवा. तोवर एका गल्लीच्या बचत गटाला एका सकाळी जमेल असं हे काम आहे.

मात्र नीट केलं तर. चुना रात्रभर भिजवून कापडातून गाळायचा, त्यात थोडं फेविकॉल किंवा सरस घालायचा आणि दोन पातळ हात द्यायचे. नऊच्या आत उरकायचं, नंतर टिनावर पाय ठेववत नाही आणि चुनाही लावता लावता फुटतो. सिमेंटच्या पत्र्यावर उभं राहायचंच नाही, तो मोडतो. फळी टाकून, खिळ्यांच्या रांगेवर भार देऊन सरकायचं. कोऱ्या जस्ती पत्र्याला चुना धरत नाही, त्याला पांढरा पेंटच लागतो. आणि टिन आतून चकचकीत असेल तर आतून रंगवू नये : तिथे कमी उत्सर्जकता आपल्याच फायद्याची असते. ‘एसीसारखा गारवा’ म्हणून विकला जाणारा महागडा रंगही याच दोन गुणांवर चालतो. तो जास्त टिकतो, हे खरं. एसी तो नव्हे.

चुना पहिल्या पावसाळ्यात धुऊन जातो, ही तक्रार नेहमीची. मला ती सोयच वाटते. डिसेंबर २०१८ मध्ये याच शहरात पारा ३.५ वर आला होता. टिनाच्या घरात अशा थंडीत दिवसाचं ऊन पिणारं छतच हवं असतं, आणि तोवर चुना उतरलेला असतो. मार्चअखेर पुन्हा लावायचा. स्लॅबचं तसं नाही. झोपडीच्या जागेचा मालकी पट्टा मिळाला की घरमालक आधी स्लॅब टाकतो, आणि तो दिवसभर प्यालेली उष्णता मध्यरात्रीपर्यंत खोलीत सोडत राहतो. टिन निदान सूर्य मावळल्यावर तासाभरात निवतं. म्हणून वस्तीतल्या पक्क्या घरांच्या गच्च्यांना चुन्याची गरज जास्त आहे, आणि नेमके तेच लोक सांगतात की आता आम्हाला लागत नाही.