किल्लारी ते अक्कलकोट रोड : आघातानंतरच्या ‘बोलण्याच्या उपचारा’ची पार्श्वभूमी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला १८ मे २०२५ रोजी आग लागली, त्यात ८ जणांचा जीव गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सीनेला महापूर आला आणि माढा, करमाळा, मोहोळ, उत्तर सोलापूर या तालुक्यांतली नदीकाठची गावं पाण्यात गेली. अशा घटनेनंतर पंचनामा, मदत, पुनर्वसन यांच्या जोडीला आता समुपदेशनाचीही मागणी होते. तीस वर्षांपूर्वी ती होत नव्हती, तेव्हा हा बदल चांगलाच आहे. पण समुपदेशन म्हणजे नेमकं काय, कधी आणि कोणी करायचं, यावर जगभर मोठा वाद होऊन गेला आहे. त्या वादाचा निकाल आपल्याकडे अजून नीट पोचलेला नाही.

जुना इतिहास थोडक्यात. रेल्वे अपघातातून वाचलेल्यांना दिसेल अशी जखम नसतानाही त्रास का होतो, यावर इंग्लंडमधले डॉक्टर १८६०च्या दशकात भांडत होते. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आला. प्रत्येक युद्धानंतर विषय निघायचा आणि युद्ध विसरलं की मागे पडायचा. तो टिकला १९७०च्या दशकात, आणि टिकवला तो रुग्णांनी. व्हिएतनामहून परतलेले अमेरिकन सैनिक एकत्र बसून एकमेकांशी बोलू लागले. त्याच सुमारास, १९७४ साली, बोस्टनमधल्या रुग्णालयात बलात्कारपीडित स्त्रियांच्या लक्षणांची पद्धतशीर नोंद प्रसिद्ध झाली. रणांगणावरचा जवान आणि घरात अत्याचार झालेली बाई यांची स्वप्नं, दचकणं, टाळाटाळ सारखीच निघाली. १९८० साली अमेरिकेतल्या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेत ‘पीटीएसडी’, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास, हे निदान दाखल झालं. त्यातही आघाताची घटना सर्वसाधारण मानवी अनुभवापलीकडची असते, असं गृहीत धरलं होतं. रोजचा मार खाणाऱ्या बाईचं काय, या प्रश्नाला उत्तर नव्हतं. ती अट गेली १९९४ साली.

आपल्या भागासाठी हा इतिहास सुरू होतो किल्लारीच्या भूकंपानं, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते, आणि दगडमातीच्या रुंद भिंती अंगावर आल्या. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून आठ ते दहा हजार माणसं गेली. जखमी जिथे जागा मिळेल तिथे नेले, त्यातले बरेच सोलापुरात आले. हाडं जोडली, जखमा शिवल्या. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. पत्र्याच्या शेडमधून पक्क्या घरात गेलेली कितीतरी माणसं रात्री मात्र अंगणातच अंथरूण टाकत राहिली. घरच्यांच्या लेखी ‘त्यानं धसका घेतलाय’ एवढंच त्याचं वर्णन होतं. फार झालं तर उतारा, नाहीतर झोपेची गोळी.

किल्लारीच्या बाबतीत एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिथल्या माणसांना बोलायला कोणी मिळालं नाही, असं म्हणताच येत नाही. तलाठ्याला सांगितलं, तहसीलदाराला सांगितलं, पत्रकारांना सांगितलं, पाहणीला आलेल्या प्रत्येक पथकाला सांगितलं. घरात किती जण होते, कोण कुठे झोपलं होतं, कोण कधी सापडलं. तेच ते, पुन्हा पुन्हा. तरी रात्रीची झोप काही परत आली नाही. नुसतं सांगून माणूस बरा होत असता, तर किल्लारी परिसर वर्षभरात सावरला असता.

नेमक्या त्याच काळात बाहेरच्या जगात याच्या उलट समजूत जोरात होती. १९८३ साली अमेरिकेत अग्निशमन दल आणि रुग्णवाहिकेवरच्या कर्मचाऱ्यांसाठी एक पद्धत मांडली गेली. मोठ्या दुर्घटनेनंतर दोन-तीन दिवसांत सगळ्यांना एकत्र बसवायचं, काय पाहिलं, काय वाटलं हे क्रमानं बोलून घ्यायचं आणि मोकळं करायचं. तिला ‘डीब्रीफिंग’ म्हणत. कल्पना इतकी पटण्यासारखी होती की ती बघता बघता अपघातग्रस्त, भाजलेले, दरोड्यात सापडलेले बँक कर्मचारी अशा सगळ्यांना लागू झाली. कितीतरी कंपन्यांत ती जवळजवळ सक्तीचीच झाली. लवकर बोललं की पुढचा आजार टळतो, हे कोणी तपासून पाहिलेलं नव्हतं.

तपासलं तेव्हा चित्र उलटं निघालं. वेल्समधल्या कार्डिफमध्ये भाजून दाखल झालेल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला डीब्रीफिंग दिलं, दुसऱ्याला नाही. १३ महिन्यांनी पाहिलं तर डीब्रीफिंग मिळालेल्यांत २६ टक्क्यांना पीटीएसडी होता, न मिळालेल्यांत ९ टक्क्यांना. हे १९९७ साल. मग रस्ते अपघातातल्या जखमींचा तीन वर्षांनंतरचा अहवाल २००० साली आला. सुरुवातीला ज्यांचा त्रास तीव्र होता, त्यातले डीब्रीफिंग न मिळालेले लोक हळूहळू सावरले होते. मिळालेले तिथेच अडकले होते. त्यानंतरच्या एकत्रित आढाव्यांनीही सांगितलं की एका बैठकीच्या डीब्रीफिंगचा फायदा दिसत नाही, कदाचित अपायच होतो.

समर्थक गप्प बसले नाहीत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही होतं. पद्धत कर्मचाऱ्यांच्या गटासाठी होती, तुम्ही ती खाटेवरच्या एकेकट्या रुग्णावर वापरली, असं ते म्हणाले. कार्डिफच्या अभ्यासात डीब्रीफिंगच्या गटातल्या लोकांच्या जखमा मुळातच जास्त गंभीर होत्या, हेही खरं. वाद बरीच वर्षं चालला. माझ्या मते ‘अपाय होतो’ हे वाक्य थोडं ताणलेलं असेल, पण ‘फायदा होत नाही’ हे पुरेसं सिद्ध झालं आहे, आणि व्यवहारात तेवढं पुरे. आघातानंतरच्या पहिल्या दिवसांत शरीर आधीच पेटलेलं असतं. छाती धडधडत असते, झोप नसते. अशा वेळी सगळं एकदाच उकरून काढायचं आणि पुन्हा भेट नाही, म्हणजे टाके उसवून पेशंट घरी पाठवण्यासारखं आहे. शिवाय बहुतेक माणसं पहिल्या काही आठवड्यांत घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या आधारानं आपोआप सावरतात. म्हणून तर लक्षणं महिन्याहून अधिक टिकल्याशिवाय पीटीएसडीचं निदान करत नाहीत.

२००५ साली ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनी हे डीब्रीफिंग नेहमीच्या वापरातून काढायला सांगितलं. त्रास सौम्य असेल तर पहिले चार आठवडे लक्ष ठेवून थांबा, असं म्हटलं. त्याच्या जागी जगभर ‘मानसिक प्रथमोपचार’ आले. सुरक्षित जागा, पाणी, जेवण, नातेवाइकांशी संपर्क, आणि माणूस आपणहून बोलला तर ऐकणं. खोदून विचारायचं नाही. २०१३ च्या जागतिक सूचनांत आणखी एक कलम होतं, जे आपल्याकडे सर्रास मोडलं जातं. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्या तक्रारींसाठी गुंगी आणणाऱ्या बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या देऊ नयेत.

मग बोलण्यानं बरं वाटतं ते कधी? याचं उत्तर वेगळ्या वाटेनं आलं. १९८०-९०च्या दशकांत अमेरिकेत बलात्कारपीडित स्त्रियांबरोबर काम करताना दोन पद्धती घडल्या. पहिलीत साधारण ८ ते १५ सेशन असतात, बहुधा दीड-दीड तासाची. अक्कलकोट रोडच्या आगीसारख्या प्रसंगातून बाहेर पडलेली एखादी कामगार बाई डोळ्यांपुढे आणू. पहिल्या भेटीत आग नसतेच. तिला काय होतंय आणि का होतंय, एवढंच समजावलं जातं. मग ती टाळत असलेल्या गोष्टींची यादी होते, आणि भीतीला शून्य ते शंभर गुण दिले जातात. गॅसची शेगडी पेटवणं ३०. रिक्षानं त्या रस्त्यावरून जाणं ५०. खाली लूम चालू असताना वरच्या खोलीत दार लावून बसणं ७०. कारखान्याच्या फाटकाशी उभं राहणं ९०. खालून वर, एकेक पायरी, प्रत्येक ठिकाणी भीती ओसरू लागेपर्यंत थांबायचं. खोलीत ती डोळे मिटून त्या पहाटेचा प्रसंग आत्ता घडतोय असा सांगते, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुन्हा पुन्हा. त्याचं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं असतं. पहिल्या सेशनांत काहींना त्रास वाढल्यासारखा वाटतो, आणि बरेच जण उपचार मध्येच सोडून देतात. ही या पद्धतीची खरी अडचण आहे, ती लपवू नये. जे टिकतात त्यांच्या मेंदूला हळूहळू कळतं की आठवण म्हणजे आग नव्हे. ती आली तरी आपण इथे, खुर्चीत, सुखरूप आहोत. तुकड्या-तुकड्यांनी अंगावर येणाऱ्या प्रसंगाला सुरुवात आणि शेवट मिळतो.

दुसरी पद्धत, बहुधा १२ सेशनांची, प्रसंगापेक्षा त्यातून काढलेल्या निष्कर्षांवर बोट ठेवते. ‘मी आधी जागी झाले असते तर पोरगं वाचलं असतं.’ ‘मी गावात नव्हतो, म्हणून मी दोषी.’ धुरात किती सेकंद होते, दार कुठे होतं, त्या क्षणी तुम्हाला काय माहीत होतं आणि काय नंतर कळलं, असं सावकाश विचारत ती गाठ सोडवायची. सुरुवातीला या पद्धतीत प्रसंग सविस्तर लिहून आणावा लागे. २००८ साली तिचे भाग सुटे करून तपासले, तेव्हा तो वृत्तांत न लिहिताही फायदा तेवढाच झाला. ज्यांना तपशील ओठांवर आणणं शक्यच नाही त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे, आणि तरीही ती फारशी सांगितली जात नाही. डोळ्यांच्या हालचालींसह केली जाणारी ‘ईएमडीआर’ १९८९ साली मांडली गेली. डोळे हलवण्याचं नेमकं काम काय यावर अजून एकमत नाही, परिणाम मात्र दिसतो. मुलांसाठीच्या पद्धतीत आई-वडिलांनाही सोबत शिकवतात.

पोलिसांपुढचा जबाब, कोर्टातली साक्ष, तलाठ्यापुढचं निवेदन यांत आणि या खोलीतल्या बोलण्यात फरक काय, ते आता दिसेल. तिथे वेग दुसऱ्याचा असतो आणि गरजही दुसऱ्याची. इथे कधी थांबायचं ते सांगणारा ठरवतो. ऐकणारा पुढच्या आठवड्यातही तिथेच असतो.

भारतात कायद्याची बाजू नंतर भरून निघाली. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. उपचार मिळणं हा हक्क ठरला, विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं असंही त्यात आलं. पण पॉलिसी बहुतेक वेळा दाखल झाल्यावरच चालते, आणि थेरपीसाठी कोणी दाखल होत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा ‘टेली-मानस’ क्रमांक चोवीस तास सुरू आहे, मराठीतही बोलता येतं. तो जरूर वापरावा. मात्र तो पहिला दरवाजा आहे; बारा सेशनांची थेरपी फोनवरच्या एका बोलण्यात होत नाही.

सोलापूरची अडचण याच टप्प्यावर सुरू होते. हजार विड्यांच्या हिशेबानं मजुरी मिळणाऱ्या बाईचं सेशनला जाणं म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडणं. पूर्व भागात घरची भाषा तेलुगू, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडे कन्नड; आगीतला आक्रोश ज्या भाषेत आठवतो त्याच भाषेत तो सांगता यायला हवा. आणि सोबत सासू किंवा दीर खोलीत बसणार असेल, तर निम्मी गोष्ट ओठांवर येतच नाही. यावर एक वाट युगांडातल्या निर्वासितांच्या छावणीत सापडली होती. तिथे निर्वासितांमधल्याच काही जणांना शिकवून, कोणतीही पदवी नसताना, आयुष्याची गोष्ट क्रमानं मांडण्याची पद्धत त्यांच्या हाती दिली, आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तिचा उपयोग झालेला दिसला. आपल्याकडे आशाताई आहेत, विडी कामगारांच्या संघटना आहेत, तिन्ही भाषा बोलणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. त्यांना प्रशिक्षण आणि पाठीशी एक तज्ज्ञ, एवढं मिळालं तर हे सोलापुरातही होण्यासारखं आहे. तोवर पुढच्या दुर्घटनेनंतर ‘समुपदेशन केलं’ असं कोणी जाहीर केलं, तर तीन गोष्टी विचारायला हव्यात. घटनेनंतर किती दिवसांनी केलं? कोणत्या भाषेत केलं? आणि तीच व्यक्ती त्याच माणसाला पुन्हा किती वेळा भेटली?